कैलासपतीखालचा बाक

मंडईत हरभऱ्याचा पाला आणि चुका शेजारी शेजारी दिसू लागले की वेळ अमावास्या जवळ आली असं समजायचं. काल भाजीवालीनं न विचारताच दोन्हींच्या जुड्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि मी 'नको' म्हणायचं विसरले. घरी येऊन जुड्या ओट्यावर ठेवल्या. त्या पाल्याच्या आंबट वासातून गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष सरळ स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

गिरिजा, शंभू, तुम्ही राहता तिथे हा सण नाही. महाराष्ट्रातसुद्धा तो पुष्कळांना माहीत नाही. कर्नाटकाला लागून असलेल्या आपल्या या पट्ट्यात ज्वारी पोटऱ्यात आली की घरातली सगळी माणसं शेतात जातात. कडब्याची खोप करतात, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात. ताकातली आंबील, सगळ्या पालेभाज्या आणि शेंगा एकत्र शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे. आधी काळ्या आईला दाखवायचं, मग आपण जेवायचं. शेवटी लिंबाच्या डहाळीनं उभ्या पिकावर आंबील शिंपडत, ठरलेली आरोळी देत शेताला फेरी घालायची. आणि त्या दिवशी बांधावरून कुणीही जात असो, ओळखीचा किंवा परका, त्याला हाक मारायची, कुठल्या घरचे म्हणून विचारायचं आणि पंगतीत सरकून जागा करून द्यायची. हाक मारायचं काम तुमच्या आजोबांचं, अज्जांचं. त्यांचा आवाज नदीपलीकडे जायचा.

तो आवाज गेल्या वर्षीच्या दिवाळीत गेला. फराळाचे डबे अजून रिकामे झाले नव्हते. सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला ब्रश पडला, आणि आरशातला चेहरा एका बाजूनं उतरला. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा ते आधार घेऊन चालू शकत होते, गिळू शकत होते. बोलत मात्र नव्हते. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. "जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येतं," ते म्हणाले. "त्यानंतर फारशी आशा धरू नका. त्यांच्याशी सतत बोला."

सतत बोला. मी जन्मभर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. बोलणं शिकवणं हाच माझा धंदा. मला वाटलं, हे मला जमेल.

तुमचे अज्जा टॉवेलचे व्यापारी. एका दिवसात चार भाषांतून फिरून यायचे. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत पद्मशाली कारखानदारांशी तेलुगूत घासाघीस, रंगाऱ्याशी दखनीत थट्टा, शुक्रवार पेठेतल्या दुकानात मराठी, आणि आपल्या आईशी, बहिणीशी कन्नड. माझ्याशी मराठी. रागावले की इंग्रजी, आणि तीही इतकी चुकीची की मला हसू यायचं आणि भांडण तिथंच मिटायचं. दिवाळीनंतर ही चारही दुकानं एकदम बंद झाली. शटर ओढल्यासारखी.

फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, सपाट रस्त्यावर चालवा, मोकळ्या हवेत. म्हणून सीनेकाठची बाग. शहराबाहेर नदीच्या कडेला ती बोटॅनिकल गार्डन केली आहे, तुम्ही लहानपणी एकदा तिथं आला होता, शंभूचा बूट चिखलात राहिला होता. नक्षत्रवन आहे, औषधी वनस्पतींचे वाफे आहेत, नदीच्या बाजूनं फरशीचा लांब रस्ता आहे. मार्गशीर्षात सकाळी नदीवर धुकं असतं, आणि जलपर्णीच्या हिरव्या थरात शेकाट्या आपले लांब लाल पाय उचलत हिंडत असतात. वेड्या बाभळींच्या मागून सूर्य येतो तेव्हा बाग अशी दिसते, जणू कुणाचंच काही बिघडलेलं नाही. मला त्याचा राग यायचा.

प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी आहे. वर शास्त्रीय नाव, खाली इंग्रजी, त्याखाली मराठी. मला वाटलं, यापेक्षा चांगली शाळा कुठं मिळणार! मी त्यांचा डावा हात धरून एकेका झाडासमोर थांबायची. "हे ताम्हण. ताम्हण म्हणा. ता." ते पाटीकडे बघायचे, मग माझ्या तोंडाकडे. त्यांच्या ओठांची हालचाल सुरू व्हायची, मानेची शीर तट्ट फुगायची, आणि काहीच यायचं नाही. एखादा लहानसा वाराही नाही. "बरं, अर्जुन. अर्जुन सोपा आहे." पुढचं झाड. पुढची पाटी. बकुळ, पुत्रंजीवा, काशिद. मी पद्धतशीर जायची. एक ओळ संपल्याशिवाय दुसरी नाही. घरी परतताना रिक्षात मला कळायचं की आज दिवसभरात माझ्याखेरीज कुणीच बोललेलं नाही.

एका सकाळी कैलासपतीच्या झाडाखाली माझा तोल गेला. तोफेच्या गोळ्यांसारखी फळं थेट खोडाला लटकतात, आणि फुलांत नागाच्या फण्याखाली शिवलिंग असल्यासारखं दिसतं, तेच झाड. अज्जा त्या झाडाखालच्या बाकावर बसले की उठायचेच नाहीत. मी पाटी वाचत होते, पुन्हा वाचत होते. आणि मग माझाच आवाज मला ऐकू आला. "बोला ना हो! एक शब्द बोला. शिवी द्या. मला शिवी द्या, पण बोला!" जॉगिंग करणारी दोन मुलं थांबली आणि पुन्हा पळू लागली. अज्जांनी डाव्या हातानं माझ्या पदराचं टोक धरलं आणि ते बोटांत नुसतं फिरवत राहिले, जसं ते दुकानात टॉवेलचा पोत बघायचे.

तुमच्या बाबांनी सुट्टी काढतो म्हटलं होतं, मी नको म्हटलं. व्हिडिओ कॉलवर तो "अप्पा, अप्पा" करायचा. फोनवरच्या चेहऱ्याकडे अज्जा बघतच नसत. ते फोन धरलेल्या माझ्या हाताकडे बघत.

मग गंगाक्का आली. अज्जांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. तिचं सासर अक्कलकोटच्या पलीकडे, बोलणं कन्नड, आणि मराठी बोलली तरी तिच्यात कन्नडचा ठेका. आल्या आल्या तिनं मी अज्जांना शब्द शिकवायला केलेली चित्रांची कार्डं बघितली, पाट्यांची शाळा ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"वैनी, तुमी लई शिकलेल्या हाव, खरं हाय. पण माझ्या अण्णाला ह्या वयात पयलीत घातलंव व्हय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय सतत बोलायला."

"मग बोला की! शिकवताव कशाला?"

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर बागेत आली. कैलासपतीखाली ती अज्जांच्या शेजारी फतकल मारून बसली आणि आपल्या म्हशीचं, सुनेचं, शेजारणीच्या चोरटेपणाचं असं काहीबाही कन्नडमध्ये सांगू लागली. मी बाटली भरायला नळावर गेले. नळाला धार बारीक होती. बाटली अर्धी झाली असेल, आणि मला पुरुषाचा आवाज ऐकू आला.

दिवाळीनंतर न ऐकलेला आवाज. खरखरीत, गंजलेला, पण तोच. "नागलिंगा," तो म्हणत होता. आणि मग आणखी काही, चार-पाच शब्द, आणि गंगाक्काचं मोठ्यानं हसणं.

मी नळ बंद केला की नाही आठवत नाही. मी जवळ पोचले तेव्हा अज्जांच्या तळहातावर खाली पडलेलं कैलासपतीचं एक फूल होतं, कन्नडमधलं नागलिंग. गंगाक्कानं मला पाहिलं, पदर सावरला, आणि म्हणाली, "या वैनी, बसा. अण्णा बोलतोय बगा." मराठीत. तेवढ्यानं झालं. अज्जांचा चेहरा बंद झाला. कुणी खोलीतला दिवा काढून नेल्यासारखा.

हे तुम्हाला कळावं म्हणून मला थोडं मागं जायला हवं. मी नाशिकची, मिशनच्या शाळेत शिकलेली. या घरात सून म्हणून आले तेव्हा तुमच्या पणजींना मराठी यायची ती बाजारापुरती. पण मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की ओट्यापाशी चाललेलं बोलणं थांबायचं आणि सगळं घर एका दमात मराठीवर यायचं. पणजी अडखळत, चुकत बोलायच्या, दुसऱ्यांना दटावायच्या, "सूनबाईला समजाया पायजे की." ही त्या घराची रीत होती. बाहेरून आलेल्या माणसासमोर त्याला न कळणारी भाषा बोलणं म्हणजे त्याच्याकडे पाठ करून बसणं. मी पहिल्या वर्षीच म्हटलं होतं, मला कन्नड शिकवा. पणजी हसल्या. "तुमी कशाला तरास घेता? आमी बोलतो की." एवढ्या मायेनं सांगितलेल्या गोष्टीवर कोण हट्ट धरणार? मला जेवणाचं ऊटा कळायचं, पाण्याचं नीरू कळायचं, ये-जाचं बा आणि होगु कळायचं, कोण आलंय आणि कुणाच्या घरचं आहे एवढं कळायचं. चाळीस-बेचाळीस वर्षं मी त्या घरात सन्मानानं राहिले, आणि दार उघडलं की बोलणं बदलायचं.

त्या सकाळी कैलासपतीखाली तेच झालं. आता त्या आदरानं माझ्या नवऱ्याचा आवाज बंद होत होता.

"गंगाक्का, कन्नड बोला."

"असं कसं वैनी? तुमच्या म्होरं?"

"मी नाहीये असं समजा."

"तुमी हाव की पण!" ती खरोखर गोंधळली होती. "आईनं जन्मभर शिकीवलं, वैनीसमोर आपली भाषा काढायची न्हाई म्हणून. जीभच वळत न्हाई बगा. तुमच्याकडं बघितलं की मराठीच येतंय."

तिनं प्रयत्न केला. दोन वाक्यं कन्नड, आणि तिसऱ्याला सवयीनं माझ्याकडे वळून, "म्हणजे काय वैनी, मी ह्याला इचारलं की..." आणि अज्जा पुन्हा गप्प. शेवटी आम्ही तोडगा काढला. मी त्या बाकापासून लांब, बकुळीच्या पलीकडे, पाठ करून बसायचं. तसं बसलं की ते बोलत.

त्या दिवसांत मी रोज सकाळी माझ्या नवऱ्याकडे पाठ करून बसायची आणि त्यांचं बोलणं ऐकायची. धुकं नदीवरून वर यायचं. बकुळीखाली गारठा असायचा. आवाज यायचा आणि अर्थ यायचा नाही. एखादा शब्द ओळखीचा वाटायचा आणि मी त्याला धरून ठेवायची, तोवर पुढचे दहा निसटलेले असायचे. एकदा ते हसले. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसू थांबलं असतं. जे परत यायचं ते परत येत होतं, डॉक्टर म्हणाले होते तसंच, फक्त ते माझ्या दारात येत नव्हतं. घरी आल्यावर मी गंगाक्काला विचारायची, काय म्हणाले? ती सांगायची, "काय न्हाई वैनी, जुनंच. आई, चिंच, हिरीतलं पाणी." मी विचारायची, माझं काही? ती कणिक तिंबत राहायची. "बोलंल की. आजून लई दिस हाईत." पण दिवस नव्हते. ती वेळ अमावास्या करून सासरी जाणार होती. तिची म्हैस गाभण होती, सून एकटी होती, तिला कोण आणि कुठवर थांबवणार?

वेळ अमावास्येला शेतात जायला डॉक्टरांनी मनाई केली. खड्ड्यांचा रस्ता, उन्हात बसणं. गंगाक्का दोन घटका चिडली आणि मग उठून म्हणाली, "शेत न्हाई तर न्हाई. बागंत झाडं हाईत, नदी हाय, काळी माती हाय. अजून काय पायजे?" पहाटे उठून तिनं भज्जी रटरटत ठेवली, उंडे उकडले, आंबिलीचं मडकं फडक्यानं बांधलं. रिक्षात ते मडकं मी मांडीवर धरलं होतं. अंगावर ताकाचे शिंतोडे आले.

फाटकातच राखणदारानं अडवलं.

"ओ आज्जी, आत डबा खायाचा न्हाई. बोर्ड वाचा की."

"बोर्ड वाचाया ही मास्तरीण आणलीया संगं," गंगाक्का म्हणाली. "तू मला सांग, आज काय हाय?"

"येळामावस्या हाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला.

"मग तुझ्या घरी आज कोण जेवतंय?"

"सगळी रानात गेलीत. मी हितं ड्युटीवर."

"मग बस की हितंच. आंबील पी. आणि पिताना वरडू नगो, तुझा साहेब येईल."

त्यानं इकडे तिकडे पाहिलं, पिण्याच्या पाण्याचा स्टीलचा पेला आणला आणि दोन पेले आंबील उभ्यानंच प्याला. नंतर म्हणाला, "झाडाखाली सांडू नका फक्त. मुंग्या येत्यात." आणि आम्हाला आत सोडलं.

कैलासपतीखाली गंगाक्कानं पाच खडे मांडले. चुना नव्हता, हळदकुंकू लावलं. मग डहाळी आणि तांब्या घेऊन ती नदीच्या बाजूला निघाली, कुंपणाच्या कडेकडेनं आंबील शिंपडत, ती जुनी आरोळी अगदी हळू, पुटपुटल्यासारखी देत. मी बकुळीपाशी पाठ करून बसले होते. मला वाटलं, ते एकटेच आहेत बाकावर, भूक लागली असेल. मी उठले, ताटलीत उंडा आणि भज्जी घेतली आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

त्यांनी वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. ऊन त्यांच्या डोळ्यांत होतं, त्यांनी डावा हात कपाळावर आडवा धरला, अगदी तसाच जसा बांधावर उभं राहून ते वाटेवरच्या माणसाकडे बघायचे. आणि मग स्वच्छ, सगळे शब्द जागच्या जागी ठेवून, त्यांनी मला विचारलं,

"यार मनियवर्री नीवु?"

तुम्ही कुठल्या घरच्या?

तेवढं कन्नड मला कळतं. मला वाटलं होतं, ते बोलले की मी रडेन, देवाला नारळ फोडेन, तुमच्या बाबांना फोन करेन. त्यातलं काहीच झालं नाही. जन्मभर त्यांची बायको होते तोवर माझ्या वाट्याला मराठी आली. परकी झाले आणि कन्नड मिळालं. त्यांनी मला आपल्या भाषेत घेतलं, आणि त्याच शब्दांत घराबाहेर ठेवलं. दोन्ही एकाच वेळी. मला कुठल्या बाजूला कोसळावं ते कळेना.

हातातली ताटली कलली. भज्जीचा ओघळ माझ्या मनगटावर आला. आणि कुठून कोण जाणे, पणजींच्या ओट्यापाशी चोरून ऐकलेला, शेजारणी बोलताना वापरायच्या तो शब्द माझ्या तोंडात आला.

"निम्म मनियाकी," मी म्हटलं. तुमच्याच घरातली.

ते विचारात पडले. मान हलवली, जशी एखाद्या पाहुणीच्या उत्तरावर सभ्यपणानं हलवतात. पटलं नसलं तरी. मग उजवा जड पाय हातानं उचलून त्यांनी बाजूला घेतला, बाकावर कष्टानं सरकले, आणि रिकाम्या जागेवर हात आपटून म्हणाले, "कुंद्री." बसा.

गंगाक्का परत आली तेव्हा आम्ही एका ताटलीत जेवत होतो. तिनं मला पाहिलं आणि सवयीनं तोंड उघडलं, आणि मराठी न बोलता तसंच मिटलं.

पुढे काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला खोटी आशा राहायला नको. गंगाक्का गेली. मी फोनवर तिच्याकडून कन्नड शिकू लागले, ती माझ्या उच्चारांना हसायची. अज्जा रोज सकाळी बाकावर मला तोच प्रश्न विचारायचे, मी तेच उत्तर द्यायची, ते विचारात पडायचे आणि सरकायचे. एकदाही त्यांना आदल्या दिवशीचं आठवलं नाही. मी रोज वाट बघायची, आज म्हणतील, अगं तू. तसं कधी झालं नाही. उन्हाळ्यात शब्द कमी होत गेले. आषाढात दुसरा झटका आला, आणि प्रश्नही गेला.

रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा मी तुमच्याशी इंग्रजीत बोलते. तुमचं मराठी अडखळतं, तुम्हाला शब्द शोधावे लागतात, ते मला बघवत नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून. हे वाक्य लिहिताना मला पणजींचं हसू आठवलं. म्हणून हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे. अडेल तिथे बाबांना विचारा. अडेल तिथे मला विचारा, आणि मी इंग्रजीत सांगू लागले तर मला थांबवा.

आज सकाळी आम्ही बागेत गेलो. उद्या अमावास्या. व्हीलचेअर फरशीवरून जाते, राखणदार फाटक पूर्ण उघडतो. त्यानं आणि मी मिळून अज्जांना कैलासपतीखालच्या बाकावर बसवलं. धुकं होतं. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी वर पाहिलं. नजर माझ्या चेहऱ्यावरून गेली, खोडावर लटकलेल्या गोळ्यांवर गेली, परत आली. ओठ हलले नाहीत.

मग मीच विचारलं. "यार मनियवर्री नीवु?"

काही नाही. नदीवर शेकाट्या ओरडल्या. परत फिरावं, खुर्ची आणावी, असं मनात आलं. तेवढ्यात त्यांचा डावा हात हलला. तो उजव्या गुडघ्याखाली गेला, पाय उचलायचा प्रयत्न केला, उचलेना. त्यांनी तो तसाच ठेवला आणि कमरेतून, अगदी थोडं, बाकाच्या कडेकडे सरकले.

जागा वीतभरच झाली होती. मी त्यात बसले.